व्याल आणि रत्न : आपल्या देवळांच्या दारावरची भाषा



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, राजकारण आणि शेतीचे अर्थकारण हे विषय दरवर्षी असतात आणि ते असलेच पाहिजेत. आजचा माझा विषय त्यांच्या मानाने आडबाजूचा वाटेल. आपल्या जिल्ह्यातील जुन्या देवळांवर जे विचित्र प्राणी कोरलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी जी दगडी रत्ने कोरलेली आहेत, त्यांचा अर्थ काय, एवढाच प्रश्न मी आपल्यापुढे मांडणार आहे. हा विषय मी परभणीतच का काढतो, तेही सांगतो. धारासूरचे गुप्तेश्वराचे देऊळ, चारठाण्याची मंदिरे आणि तेथला तो उंच कोरीव स्तंभ, जिंतूरजवळची नेमगिरीची जैन लेणी ही सारी आपल्या उंबरठ्याशी आहेत. औंढा नागनाथही १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. अजिंठा-वेरूळ पाहायला आपण गाड्या करून जातो आणि धारासूरला जायचे मात्र राहून जाते. गेलोच तर दर्शन घेऊन, प्रदक्षिणा घालून परत येतो. दारावर काय कोरले आहे, ते पाहायला आपण थांबत नाही.

या देवळांना आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांच्या पदरी मोठा अधिकारी होता. म्हणजे त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. परंतु त्या नावाने ओळखली जाणारी कितीतरी देवळे त्याच्या आधीची, कल्याणीच्या चालुक्यांच्या किंवा आरंभीच्या यादवांच्या काळातली आहेत. तेव्हा 'हेमाडपंती' हे नाव एका माणसाचे न मानता एका बांधणीचे मानावे. चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून उभारलेली ती बांधणी. ती करणारे गवंडी आणि पाथरवट यांची नावे बहुतेक ठिकाणी आपल्याला मिळत नाहीत. मिळते ते त्यांचे काम.

आता त्या दाराशी जाऊ. गाभाऱ्याचे दार असते त्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या कोरलेल्या असतात. शिल्पशास्त्रात त्यांना शाखा म्हणतात. तीन पट्ट्या असल्या तर त्रिशाख दार, पाच असल्या तर पंचशाख. एक पट्टी वेलबुट्टीची, ती पत्रशाखा. एक खांबाच्या आकाराची, ती स्तंभशाखा. एकीवर चौकटी आणि फुलांच्या आकाराची रत्ने ओळीने बसवल्यासारखी कोरलेली असतात, ती रत्नशाखा. आणखी एकीवर मागच्या पायांवर उभे राहिलेले, सिंहासारखे पण सिंह नसलेले प्राणी एकावर एक रचलेले असतात, ती व्यालशाखा. माझ्या व्याख्यानाचा सारा विषय या दोन पट्ट्यांत आहे. देवाकडे जाणाऱ्या माणसाच्या एका खांद्याजवळ पशू आणि दुसऱ्या पट्टीवर रत्न, अशी ही मांडणी कोणी तरी विचार करून केली आहे. तो विचार काय होता?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कोरीव कामाचा अर्थ लावण्याचा मोह फार वाईट. हल्ली तर कोणत्याही शिल्पाचे छायाचित्र काढावे आणि त्यात विमान दिसते, यंत्र दिसते, नामशेष झालेला महाकाय प्राणी दिसतो असे सांगावे, अशी चाल पडली आहे. त्याला आवर घालायचा तर तीन प्रश्न विचारावे. हे शिल्प कोणत्या जागी आहे? त्याच्या शेजारी काय आहे? आणि त्या काळच्या ग्रंथांत त्याविषयी काय सांगितले आहे? तिन्ही उत्तरे जुळली तर अर्थ धरावा. न जुळली तर पाथरवटाने जागा भरण्यासाठी किंवा हौसेने कोरले, असे म्हणून पुढे जावे. पाथरवटालाही हौस असते, हे विसरू नये.

प्रथम कीर्तिमुख घेऊ, कारण तेच आपल्या सर्वांत ओळखीचे. गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर दोन बाजूंना बटबटीत डोळ्यांचे, वटारलेल्या भुवयांचे, खालचा जबडा नसलेले तोंड असते. जोत्यावरही अशा तोंडांची एक आडवी ओळ असते, तिला ग्रासपट्टी म्हणतात. गावात विचारले तर कोणी राक्षस म्हणतो, कोणी सिंह. स्कंदपुराणातील कार्तिकमाहात्म्यात त्याची कथा आहे. जालंधर दैत्याने राहूला शंकराकडे दूत म्हणून पाठवले आणि 'पार्वती माझ्या हवाली कर' असा निरोप दिला. तो ऐकताच शंकराच्या भ्रुकुटीतून एक भयंकर पुरुष निघाला आणि राहूला खायला धावला. राहू शरण आला. शरणागताला मारायचे नाही. मग त्या पुरुषाने विचारले, 'मला भूक लागली आहे, मी काय खाऊ?' शंकर म्हणाले, 'आपलेच हातपाय खा.' त्याने खरोखरच स्वतःला खायला सुरुवात केली आणि फक्त तोंड उरले. तेव्हा शंकर प्रसन्न झाले, त्यांनी त्याचे नाव कीर्तिमुख ठेवले आणि सांगितले, 'तू माझ्या दाराशी राहा. तुझी पूजा केल्यावाचून माझी पूजा जो करील त्याला फळ मिळणार नाही.'

या कथेला आपले तीन प्रश्न विचारून पाहा. जागा? दार आणि उंबरठा, कथेत सांगितली तीच. ग्रंथ? आहे. अर्थही दूरचा नाही. जी भूक दुसऱ्याला खायला निघाली होती ती स्वतःकडे वळवली, म्हणून ती दारावर मान मिळवून बसली. आत जाणाऱ्याने उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावायचा, तो या तोंडाला. आपल्या आजी हे न चुकता करीत. कथा त्यांना ठाऊक असो वा नसो, हात बरोबर जागी जात असे.

आणि शेजारी काय आहे, हा तिसरा प्रश्न इथे फार उपयोगी पडतो. दक्खनच्या देवळांतील खांबांवर हेच कीर्तिमुख पुन्हा भेटते आणि तिथे त्याच्या तोंडातून मोत्यांच्या माळा ओघळत असतात. ज्या तोंडाने स्वतःला खाल्ले त्याच तोंडातून मोती! पशू आणि रत्न यांची ही पहिली जोडी. मूर्तीच्या दंडातील केयूर पाहिले तर त्याच्या मधोमधही पुष्कळदा असेच तोंड असते. म्हणजे हे तोंड दारावरून अलंकारात शिरले.

दुसरी जोडी मकराची. मकर म्हणजे मगर, असे आपण पटकन म्हणतो. पण शिल्पातल्या मकराला मगरीचा जबडा, हत्तीसारखी वर वळलेली सोंड आणि मागे मोराच्या पिसाऱ्यासारखी फुललेली शेपटी असते. असा प्राणी पाण्यात नाही. तो वरुणाचे वाहन आहे, गंगेचे वाहन आहे आणि मदनाच्या ध्वजावरही आहे. पाणी, पावित्र्य आणि कामना या तिघांनाही एकच वाहन देणाऱ्यांनी विचार करूनच दिले असले पाहिजे. तिन्ही गोष्टी जीव देतात आणि बेसावध माणसाला गिळतातही.

गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी ज्या दगडी पन्हळीतून बाहेर पडते ती पुष्कळ ठिकाणी मकराच्या तोंडाची असते. तिला मकरप्रणाल म्हणतात. इथे आपल्या भागाची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गोदाकाठचा माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. 'गंगेला गेलो होतो' म्हणजे गोदावरीवर गेलो होतो. गंगाखेडच्या नावातली गंगा तीच. तेव्हा विहिरीचे पाणी देवाच्या अंगावरून वाहून गंगेच्या वाहनाच्या मुखातून बाहेर आले की तेही गंगा झाले, हा त्या मकराचा साधा अर्थ. बाहेर उभा असलेला माणूस ते पाणी ओंजळीत घेतो, तेव्हा त्या दगडी तोंडाने आपले काम केलेले असते.

हाच मकर देवाच्या कानातही आहे. विठोबाच्या ज्या ध्यानाच्या अभंगाने आपली भजने सुरू होतात, त्या तुकोबांच्या अभंगात मकराच्या आकाराची कुंडले आहेत आणि गळ्यात कौस्तुभ मणी आहे. आपण तो शेकडो वेळा म्हटला असेल. कान पशूच्या आकाराच्या रत्नाने सजला आहे आणि कंठ रत्नाने, हे त्यात स्पष्ट सांगितले आहे.

कौस्तुभाचा विषय निघाला, म्हणून रत्नांकडे वळतो. समुद्रमंथनातून चौदा रत्ने निघाली, हे लहान मूलही जाणते. 'चौदावे रत्न दाखवू का?' हे वाक्य आमच्या पिढीने शाळेत पुष्कळ ऐकले आणि काहींनी ते रत्न पाहिलेही! पण त्या चौदांची यादी आठवा. लग्नाच्या मंगलाष्टकांत ती म्हणतात. तिच्यात मणी एकच आहे, कौस्तुभ. बाकी कोण आहेत? ऐरावत हत्ती आहे, सात तोंडांचा उच्चैःश्रवा घोडा आहे, कामधेनू आहे, चंद्र आहे, वैद्य धन्वंतरी आहे, पारिजातकाचे झाड आहे आणि हलाहल विषही आहे. आपल्या परंपरेत रत्न म्हणजे केवळ चकाकणारा खडा नव्हे. आपापल्या जातीत जे सर्वांत श्रेष्ठ ते रत्न. म्हणून हत्तीही रत्न होतो आणि घोडाही रत्न होतो. व्यालशाखा आणि रत्नशाखा शेजारी का, याचे अर्धे उत्तर या यादीतच आहे. दोन्ही पट्ट्या एकाच मंथनातून आलेल्या आहेत. त्या मंथनाला खाली आधार कासवाचा होता आणि ते कासव आजही आपल्या प्रत्येक देवळात मूर्तीपुढे जमिनीत बसवलेले असते.

उरलेले अर्धे उत्तर विष्णुपुराणात आहे. त्या पुराणाच्या पहिल्या अंशाच्या शेवटच्या अध्यायात विष्णूच्या अंगावरील एकेका वस्तूचा अर्थ सांगितला आहे. कौस्तुभ मणी म्हणजे जगाचा निर्लेप, निर्मळ आत्मा. श्रीवत्साचे चिन्ह म्हणजे मूळ प्रकृती. गदा ही बुद्धी. शंख आणि धनुष्य म्हणजे दोन प्रकारचा अहंकार. चक्र म्हणजे वाऱ्याहून वेगवान मन. बाण ही इंद्रिये. तलवार म्हणजे ज्ञान आणि तिचे म्यान म्हणजे अज्ञान. वैजयंती माळ पाच रंगांची आहे. टीकाकार तिच्यात मोती, माणिक, पाचू, इंद्रनील आणि हिरा ही पाच रत्ने मानतात आणि ती पंचमहाभूते होत असे सांगतात. अंगावर सारे जग ल्यालेला तो विष्णू.

हे वाचले की मूर्तीवरील दागिने निराळे दिसू लागतात. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म असतात आणि ते कोणत्या हातात कोणते, यावरून केशव, नारायण, माधव अशी नावे बदलतात. चार वस्तू चार हातांत मांडण्याचे प्रकार चोवीस होतात आणि नावेही चोवीसच आहेत. संध्येत आपण जी चोवीस नावे घेतो तीच ही. धारासूरच्या गुप्तेश्वरात आज शिवलिंग आहे. परंतु तेथील मूर्तींवरून ते देऊळ मूळचे विष्णूचे असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. अशा ठिकाणी दागिना आणि आयुध यांची भाषा कळली नाही, तर ते देऊळ कोणासाठी बांधले हेही कळायचे नाही. मुकुटाचेही तसेच आहे. उंच, निमुळता किरीटमुकुट विष्णूचा, जटांचा मुकुट शंकराचा, करंड्यासारखा मुकुट इतर देवदेवतांचा. कानात सर्प असेल तर शंकराकडे पाहावे, मकर असेल तर विष्णूकडे.

रत्नांचे शास्त्रही त्या काळी चांगले वाढले होते. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत रत्नपरीक्षेवर लिहिले. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या कोशाचे वर्णन करताना रत्नांचे गुणदोष सांगितले आहेत. आपला हा मुलूख त्याच्याच राज्यात होता. गरुडपुराणात रत्नांच्या उत्पत्तीची कथा आहे. बल नावाच्या असुराने देवांच्या यज्ञात स्वतःचे शरीर दिले. त्याची हाडे पडली तेथे हिरे झाले, दातांचे मोती झाले, रक्ताचे माणिक झाले. त्याचे पित्त घेऊन वासुकी नाग आकाशातून चालला होता, गरुडाने त्याच्यावर झडप घातली, पित्त खाली पडले आणि त्याचा पाचू झाला. म्हणून पाचूला गारुत्मत म्हणतात आणि तो सर्पविषावर उतारा आहे, अशी समजूत पडली. पाहा, पुन्हा पशू आणि रत्न एकत्र! आणि पुन्हा कीर्तिमुखाचाच धडा : असुराने देह दिला, तेव्हा रत्न झाले.

नागाच्या मस्तकावर मणी असतो, ही समजूतही याच कुळातली. औंढ्याच्या क्षेत्राचे नावच नागनाथ. नेमगिरीला पार्श्वनाथाची मोठी मूर्ती लहानशा दगडाच्या आधारावर तोललेली आहे. पार्श्वनाथांची ओळखच मस्तकावर धरलेल्या नागाच्या फणेने होते. तपाला बसलेल्या पार्श्वनाथांवर पाऊस-वादळ घातले गेले तेव्हा धरणेंद्र नागाने फणा धरली, ही जैन कथा. आणि तीर्थंकराच्या मातेला पडणारी जी सोळा स्वप्ने दिगंबर परंपरा सांगते, त्यांत नागेंद्राचे भवन आहे आणि रत्नांची राशही आहे. पंथ बदलला, देव बदलला, पण नाग आणि रत्न यांची सोबत सुटली नाही. पाथरवट कदाचित तेच होते, आज शिवालयाला काम करणारे आणि उद्या जिनालयाला.

आता व्यालाबद्दल. व्याल हा सिंहाच्या अंगाचा, पण तोंड कधी हत्तीचे, कधी पोपटाचे, कधी माणसाचे. 'अपराजितपृच्छा' या शिल्पग्रंथात त्याचे सोळा प्रकार आणि प्रत्येकाचे सोळा पवित्रे मिळून दोनशे छप्पन्न भेद सांगितले आहेत. मधुसूदन ढाकी यांनी १९६५ साली व्यालांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, इतका हा विषय मोठा आहे. पुष्कळदा व्यालाच्या पायाखाली हत्ती किंवा ढालतलवार घेतलेला वीर असतो, कधी पाठीवर स्वार असतो. कोणी यात राजाचा पराक्रम पाहतात, कोणी अंगातील आवेग पाहतात. माझ्या मते दोन्ही अर्थ एकाच जागी नांदतात, कारण देवाच्या दाराशी येणारा राजाही असे आणि कुणबीही असे. आवेग दोघांनाही असतो. तो मारून टाकलेला नाही, हे लक्षात घ्या. त्याला दाराच्या चौकटीत, आखलेल्या पट्टीत उभे केले आहे. पोखर्णीच्या नृसिंहाला आपण सारे नमस्कार करतो. अर्धा पशू असलेला देव आपल्याला परका नाही. पशूला देवळाबाहेर हाकलावे, असे या परंपरेला कधी वाटले नाही.

जगात दुसरीकडे या गोष्टीवर मोठा वाद झाला आणि तो योगायोगाने आपल्या सोमेश्वराच्याच काळात झाला. फ्रान्समध्ये ११२५ च्या सुमारास बर्नार्ड नावाच्या ख्रिस्ती संन्याशाने मठांतील कोरीव कामावर टीका केली. एका धडाची अनेक तोंडे, चतुष्पादाला सापाची शेपटी, असली चित्रे ध्यान करणाऱ्या साधूंच्या डोळ्यांपुढे कशाला, असा त्याचा सवाल होता. चर्चच्या भिंती सोन्याने झळकतात आणि गरीब उपाशी राहतो, हेही त्याने सुनावले. त्याच सुमारास पॅरिसजवळच्या सेंट डेनिसच्या मठाचा मुख्य सुजे याचे म्हणणे नेमके उलट होते. रत्नांचे तेज पाहता पाहता मन जडातून अजडाकडे चढते, असे तो लिहितो. रेनचा बिशप मार्बोड याने सुमारे साठ रत्नांवर पद्यग्रंथ रचला होता आणि त्यांत प्रत्येक खड्याचे गुण सांगितले होते. तिकडेही सिंह, गरुड, एकशिंगी घोडा यांना धर्माचे अर्थ दिलेले होते. सिंहिणीचे छावे मेलेले जन्मतात आणि तिसऱ्या दिवशी बापाच्या फुंकरीने जिवंत होतात, ही कथा ते ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाला लावीत. सापाच्या मस्तकातील मण्याची समजूत तिकडेही होती.

बर्नार्डचा सवाल मात्र टाळता येत नाही. तो आपणही आपल्या देवळांना विचारला पाहिजे. ज्या काळ्या दगडात आपली देवळे उभी आहेत तो बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात हिरा नाही, माणिक नाही, पाचू नाही. आपल्या मातीची रत्ने म्हणजे दगडाच्या पोकळीत सापडणारी गार, स्फटिक, अकीक, नदीच्या वाळूत मुलांना मिळणाऱ्या गारगोट्या. हिरा कृष्णेच्या खोऱ्यातून येई, मोती दक्षिणेच्या समुद्रातून. तो पाहण्याचा योग राजाला आणि सावकाराला. रत्नशाखा कोरणाऱ्या पाथरवटाने आयुष्यात हिरा पाहिला असेल का? आणि ज्याच्या बायकोच्या गळ्यात काळी पोत एवढाच दागिना, त्याने देवाच्या गळ्यातली माळ मणी मणी करून दगडात का कोरावी?

या प्रश्नाचे उत्तर मला धारासूरच्या देवळात सापडत नाही. ते त्याच गंगाखेड तालुक्यात, त्याच गंगेच्या काठी जन्मलेल्या एका बाईच्या कथेत सापडते. जनाबाई गंगाखेडची. दमाच्या घरची ही पोर पंढरपूरला दामाशेटींच्या घरी दासी म्हणून गेली आणि नामदेवांच्या घरची जनी झाली. तिची एक कथा कीर्तनांतून आपण ऐकली आहे. विठोबा रात्री जनीच्या झोपडीत आला, तिच्याबरोबर दळले, आणि पहाटे घाईने परत जाताना आपले रत्नजडित पदक तेथेच विसरून तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी बडव्यांना देवाच्या गळ्यात पदक दिसेना. ते जनीच्या घरी मिळाले. चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली, तिला चंद्रभागेच्या वाळवंटात नेले, आणि त्या सुळाचे पाणी झाले.

ही कथा इतिहास आहे की नाही, हा आजचा विषय नाही. तिने रत्नाचा अर्थ काय केला, ते पाहा. देवळाच्या आत पदक हे देवाचे ऐश्वर्य आहे. तेच दासीच्या झोपडीत सापडले की चोरीचा पुरावा होतो. रत्न तेच, पण जागा बदलली आणि अर्थ बदलला. कथा सांगणारा मात्र म्हणतो की देवाने स्वतःच जागा बदलली. त्याने पदक ठेवले आणि वाकळ घेतली. विष्णुपुराणाने सांगितले होते की कौस्तुभ म्हणजे निर्मळ आत्मा. मग तो जनीच्या घरी सापडला यात आश्चर्य कसले? जे पंडितांच्या ग्रंथात होते आणि पाथरवटाने दगडात कोरले, तेच जात्यावर बसलेल्या लोकांनी एका कथेत सांगून टाकले, आणि बडव्यांना विचारले की सांगा, हे कोणाचे आहे?

या कथेनंतर मला त्या दगडी माळेचा राग येत नाही. खरे पदक कुलुपात राहते, ते ज्याला त्याला पाहता येत नाही आणि हरवले तर गरिबावर आळ येतो. भिंतीवर कोरलेली माळ कोणी गळ्यात घालू शकत नाही आणि कोणी चोरल्याचा आळ कोणावर येत नाही. बाहेरच्या भिंतीवरची रत्ने प्रदक्षिणा घालणाऱ्या प्रत्येकाची होती. मात्र येथेही हात आखडता घेऊन बोलले पाहिजे. त्या काळी देवळाच्या आत सर्वांना जाता येत नव्हते. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. तेव्हा 'प्रत्येकाची' हा शब्द आज आपण म्हणू शकतो तो त्यांच्यामुळे. सातशे-आठशे वर्षांपूर्वी कोरलेल्या दारापाशी सर्वांना उभे राहता येऊ लागले ते अगदी अलीकडे.

आणि नेमक्या याच वेळी आपण ती भाषा विसरत चाललो आहोत. गावोगाव काय दिसते? कीर्तिमुखावर रंगाचे थर चढतात आणि त्याचे डोळे बुजतात. उंबरठा उंच वाटतो म्हणून त्यावर फरशी बसते आणि ग्रासमुख खाली जाते. जुन्या देवळाचा कोरीव दगड धुणे धुवायला, पायरीला, गोठ्याच्या भिंतीला लागतो. यात कोणाचा दुष्टावा नसतो. भक्तीनेच रंग दिला जातो आणि सोयीनेच फरशी बसते. पण ज्या तोंडाची पूजा केल्यावाचून देवाची पूजा फळत नाही असे पुराण सांगते, त्याच तोंडावर आपण फरशी बसवतो. चोरट्याला त्या दगडाची किंमत कळते, गावाला कळत नाही, म्हणून मूर्ती रातोरात जाते. पुरावस्तूंच्या रक्षणासाठी १९७२ चा कायदा आहे, पण जी वस्तू गेली हेच कोणाच्या ध्यानात येत नाही तिला कायदा कसा शोधणार?

म्हणून माझी आपल्याला एक लहानशी विनंती आहे. आपापल्या गावच्या जुन्या देवळात जाल तेव्हा बरोबर एखादे मूल न्या. दाराशी थांबा. त्याला विचारा, हा कोणता प्राणी? याच्या तोंडातून काय पडते आहे? ही पट्टी कसली? मुलाला उत्तर आले नाही तर आपण सांगा, आणि आपल्याला आले नाही तर दोघे मिळून शोधा. गावातील शिक्षकाने शाळेच्या वहीत त्या देवळावरील प्राण्यांची आणि दागिन्यांची एक यादी करवून घेतली, कोणते शिल्प कोणत्या भिंतीवर आहे हे मुलांकडून लिहून घेतले, चित्र काढवून घेतले, तर त्याला एक पैसाही लागणार नाही. उद्या एखादा दगड हलला तर ती वहीच साक्ष देईल. आणि रंग देण्याचा विचार निघाला की गावातले एक तरी माणूस म्हणेल, 'थांबा, हे कीर्तिमुख आहे, याला रंगवू नका.' असे एक माणूस प्रत्येक गावात असले, तरी पुष्कळ दगड वाचतील.

ज्यांनी ही दारे कोरली त्यांच्याजवळ रत्ने नव्हती. तरी कोरताना त्यांनी काही हातचे राखले नाही. त्यांची कोरीव रत्ने आपल्या ताब्यात आली आहेत आणि ती राखण्याचे काम आता आपले आहे.